पळसफुलं: काष्ठौषधीच्या दुकानातला माल कधी घ्यावा

घरी कापड रंगवणाऱ्यांसाठी काष्ठौषधीच्या दुकानातली सुकी पळसफुलं उत्तम माल आहे, पण चैत्र-वैशाखातच. पळस फुलतो माघ-फाल्गुनात, म्हणून नवा माल होळीनंतर दिसू लागतो. श्रावणात तीच फुलं सर्दावतात, बुरशी धरते, रंग मळकट उतरतो. केशरी-पिवळ्या कामाचा हंगाम पळसच ठरवतो.

घेताना मूठभर फुलं कागदावर पसरा. पाकळी नारिंगी आणि कुरकुरीत हवी. देठाकडच्या काळपट मखमली टोप्या जास्त असतील तर वजन त्यांचंच भरतं आणि रंगाला तपकिरी झाक येते. त्या हाताने खुडाव्या लागतात. चार पाकळ्या गरम पाण्यात टाकून चिमूटभर खायचा चुना घाला. पिवळं पाणी गडद केशरी झालं तर फुलांत दम आहे.

१०० ग्रॅम सुती कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून खळ काढा. २० ग्रॅम हिरडा पूड कोमट पाण्यात कालवून त्यात ते रात्रभर ठेवा, न धुता पिळून वाळवा. पावसाळ्यात काम फसतं ते इथेच: कापड दोन-दोन दिवस ओलं राहतं आणि हिरड्याचे डाग पडतात. मग १५ ग्रॅम तुरटीच्या गरम पाण्यात तासभर बुडवा. १५० ग्रॅम फुलं रात्रभर ४ लिटर पाण्यात भिजवून पाऊण तास मंद आचेवर ठेवा, खळखळू देऊ नका. गाळून त्यात कापड पाऊण तास फिरवत राहा. पातेलं स्टीलचं घ्या. लोखंडाची हिरड्याशी गाठ पडली की पिवळ्याचा काळपट शेवाळी होतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरी तेच.

मोठा दोष एकच, हा रंग उन्हाला टिकत नाही. पडद्यांना तो वापरूच नका. ओढणी, स्टोल, अस्तराला शोभतो, तेही सावलीत वाळवून. दोन वेळच्या फुलांची छटाही जुळत नाही, त्यामुळे दहा ओढण्यांचा संच असेल तर दहाही एकाच पातेल्यात, एकाच दिवशी रंगवा. आश्विनात पिवळा हवाच असेल तर दसऱ्याची उतरवलेली झेंडूची तोरणं याच कृतीने वापरा; तो पिवळा सोनेरीकडे झुकतो आणि फुलं फुकट मिळतात.

उरलेली पळसफुलं मृगाआधी सावलीत खडखडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.