डफल बॅगसाठी मीटरवर मिळणारं क्विल्टेड कापड: कुठलं घ्यावं, कुठलं नको

घरी डफल, म्हणजे नळीसारखी गोल प्रवासी बॅग, शिवताना निम्मा वेळ क्विल्टिंगच खातं. वरचं कापड, मधे वॅडिंग (कापसासारखा मऊ भरणीचा थर), खाली अस्तर असे तिन्ही थर टाचण्यांनी पक्के करायचे आणि दोन-दोन इंचांवर तिरक्या रेघा मारत बसायचं. त्यामुळे तयार क्विल्टेड कापड मीटरवर दिसलं की ते घ्यावंसं वाटतं, आणि घ्यावंच. फक्त मुंबईच्या मंगलदास मार्केटात जा, पुण्याच्या रविवार पेठेत जा किंवा ऑनलाइन मागवा, ‘क्विल्टेड’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. त्यांतली एक बॅगेच्या कामाची नाही.

ती म्हणजे धाग्याविना क्विल्ट केलेलं पॉलिस्टर, म्हणजेच अल्ट्रासॉनिक क्विल्टिंग. कापड डोळ्यांजवळ धरून चौकडीची रेघ पाहा. धागा दिसत नाही, नुसते दाबलेले ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांवर थर वितळवून एकमेकांना चिकटवलेले असतात. गादीच्या कव्हरला हे पुरतं, कारण तिथे ओढ बसत नाही. बॅगेत आठ किलो सामान भरून पट्टा खांद्याला लावला की सगळा भार शिवणीवर येतो. ती शिवण ठिपक्यांच्या ओळीवरून गेली असेल, तर कापड पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं त्याच ओळीत फाटतं. दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहे’ असं आवर्जून सांगतो, पण डफलसाठी हे घेऊ नका.

दुसऱ्या प्रकारात वर कॉटन, मधे पॉलिस्टर वॅडिंग आणि मागे कागदासारखं पातळ, न विणलेलं कापड असतं. मागची बाजू दिसायला भिकार असते, पण बॅगेला अस्तर लावायचंच असल्याने ती झाकली जाते. तिसरा प्रकार दोन्ही बाजूंनी कॉटनचा, जयपुरी रजईसारखा, बहुतेकदा ब्लॉक प्रिंटचा. देखणा आहे, हाताला मऊ लागतो. पण पोहण्याच्या क्लासचा ओला टॉवेल आत पडला की दोन्ही कॉटनचे थर पाणी पितात आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाहीत. रोजच्या घरच्या वापराला आमचं मत दुसऱ्या प्रकाराला, आतून नायलॉनचं अस्तर लावून. जुन्या साड्यांचे थर घालून गोधडीसारखं शिवलेलं कापडही चालतं, धावदोऱ्याची ती वीण कुठल्याही मशीनच्या चौकडीपेक्षा सुंदर दिसते. पण चार थरांची गोधडी जड होते आणि बॅग उभी राहत नाही, कोसळते.

घेण्याआधी कापड उलटं करा. मोठ्या कारखान्यात अनेक सुया एकदम चालणाऱ्या मशीनवर क्विल्टिंग होतं आणि त्यातल्या बऱ्याच मशीन साखळी टाका घालतात. मागे साखळीसारखे फासे दिसले तर तोच टाका समजा. या टाक्याचा दोष असा, की कापलेल्या कडेला एक टोक सुटलं आणि ओढलं गेलं की अख्खी रेघ सरसर उसवते. ‘तयार क्विल्टेड कापड टिकत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते, आणि त्यात कापडाइतकीच कापण्याच्या पद्धतीची चूक असते. उपाय सोपा आहे: आधी शिवा, मग कापा. खडूने आकार काढायचा, रेघेच्या आतून अर्धा सेंटीमीटरवर साधी टीप मारायची आणि त्यानंतरच कात्री लावायची. एवढं केलं तर साखळी टाक्याचं कापडही वर्षानुवर्षं टिकतं.

चौकडीचं अंतरही मोजा. दीड ते दोन इंच उत्तम. तीन इंचांच्या वर गेलं तर धुता धुता वॅडिंग सरकून गोळे होऊ शकतात. वॅडिंग १०० ते १५० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) पुरे. त्याहून जाड घेतलं तर बॅग फुगीर दिसते, पण गोल बाजू जोडताना घरचं मशीन अडतं.

माप एका माणसाचे दोन दिवसांचे कपडे किंवा बाळाचं दिवसभराचं सामान मावेल असं धरू: लांबी ४५ सेंमी, गोलाचा व्यास २५ सेंमी, म्हणजे साधारण २२ लिटर. शिवणीला सगळीकडे १ सेंमी. बाजूचे दोन गोल २७ सेंमी व्यासाचे कापायचे. मधला तुकडा ४७ बाय ७९.५ सेंमीचा. हा आकडा असा येतो: २५ व्यासाचा परीघ ७८.५, त्यातून शिवल्यावर दिसणारी चेनची १ सेंमी पट्टी वजा, दोन शिवणींचे २ सेंमी अधिक. ४४ इंच पन्ह्याचं १ मीटर कापड घ्या. कापण्याआधी ते तासभर साध्या पाण्यात भिजवून वाळवा. वॅडिंग आटत नाही, पण कॉटन आटतं. आधी आटवलं नाही तर पहिल्या धुण्यात बॅगेला सुरकुत्या पडतात. आटल्यावरही या मापात दोन खिसे निघतील एवढं कापड उरतं. प्रिंट एका दिशेचं असेल, म्हणजे सगळे मोर वर तोंड करून असतील, तर मधला तुकडा सलग कापू नका. एका बाजूला मोर उलटे येतील. तळाशी जोड देऊन दोन भाग करा, तळ तसाही वेगळ्या कापडाने झाकायचा आहे.

तळ वेगळा हवाच. क्विल्टेड कॉटन एसटी स्टँडच्या फरशीवर चार वेळा टेकलं की कायमचं काळवंडतं. जाड कॅनव्हास किंवा रेक्झिनचा ४७ बाय २७ सेंमीचा तुकडा घ्या, लांब कडा दुमडून मध्यावर बसवा. त्याआधी पट्टे शिवून घ्यायचे, म्हणजे पट्ट्याचा जोड या तळाखाली लपतो. दीड इंची बेल्टपट्टी हातांसाठी अडीच मीटर आणि खांद्यासाठी दीड मीटर लागते. पट्टा सलग ठेवून बॅगेभोवती फिरवायचा, त्याची शिवण चेनच्या अलीकडे ८ सेंमीवर थांबवायची आणि तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारायची. नुसत्या वरच्या तुकड्यावर शिवलेले हात आधी कापडाला भोक पाडतात, मग निघतात.

चेन रोलची, ५ नंबरची, दोन रनर समोरासमोर तोंड करून. ३ नंबर पर्ससाठी ठीक, ठासून भरलेल्या डफलमध्ये तिचे दात उघडतात. चेनच्या दोन्ही टोकांना कापडाचा छोटा तुकडा शिवा. नाहीतर दात गोलाच्या शिवणीत येतात आणि सुई तुटते.

खरी कसोटी गोल जोडताना लागते. गोलावर आणि नळीच्या (म्हणजे चेन लावून गोल झालेल्या मधल्या तुकड्याच्या) कडेवर चार-चार खुणा करा, खुणेला खूण लावा. नळीच्या कडेला दीड-दीड सेंमीवर ६ मिलिमीटर खोल काप द्या, म्हणजे सरळ कड वळणावर उघडते. नळी वर, गोल खाली ठेवून शिवा. शिवणीसाठी सोडलेल्या १ सेंमीतलं वॅडिंग शिवण्यापूर्वीच कातरून काढलं तर जाडी निम्म्यावर येते. हे टाळलं की टाके सुटतात, आणि दोष मशीनला दिला जातो. १६ नंबरची सुई, पॉलिस्टर धागा आणि साडेतीन मिलिमीटरचा टाका ठेवा. फूटचा दाब थोडा कमी करा, पट्ट्याचे जोड चाक हाताने फिरवून पार करा. सरळ टाक्याचं जुनं काळं मशीन या कामाला हलक्या ऑटोमॅटिकपेक्षा सरस ठरतं. आतली कड ४ सेंमी रुंद उरेबी (कापडावर तिरकी कापलेल्या) पट्टीने बांधा, प्रत्येक गोलाला ८५ सेंमी. सरळ पट्टी वळणावर चुण्या धरते.

आतला बाटलीचा खिसा २० सेंमी रुंद कापडाला चुण्या घालून १२ सेंमीत बसवा, बाटली उभी राहते. हा खिसा अस्तरावर आधीच शिवायचा, नंतर हात पोहोचत नाही.

धुताना गार पाण्यात, हाताने. पिळू नका, पिळल्याने वॅडिंगला पडलेली घडी जात नाही. चेन पूर्ण उघडून, आत एक टॉवेल कोंबून सावलीत टांगा, गोल बाजू गोल राहतात.