डाइव्ह टॉर्च, एक हंगाम आणि श्रीखंडाचं झाकण

पाण्याखाली वापरायच्या टॉर्चच्या वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत छापलंय की पाणी शिरून झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. मग कुठला बसतो, उन्हात करपलेला? हे मी वाचलं जानेवारीत, मालवणला चौदाव्या डाइव्हमध्ये टॉर्चने मान टाकल्यावर. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून संपलेलं नाही.

लुमेन (उजेडाचं माप) वगैरे खोक्यावर असतंच. मी तो घेतला एकाच कामासाठी: खाली दिसलेला जीव वर आल्यावर ओळखता यावा. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी जातो, पाच-सहा मीटरनंतर तो काळपटच दिसतो. एकदा खडकावर बोट कापलं तेव्हा माझंच रक्त शेवाळी दिसलं होतं. ऑक्टोबरात पहिल्यांदा बीम टाकला तर ज्याला मी चिखलाने माखलेला खडक समजत होतो, त्यावर भगवं-नारिंगी प्रवाळ! २२०० रुपये तिथेच वसूल झाले, असं वाटलं.

वाटलं. मग फोटो काढायला लागलो. बीम इतका अरुंद की फोटोच्या मधोमध पांढरा फटक गोळा येतो आणि भोवती काळोख. सगळ्या रिव्ह्यूंत या बीमचं 'काय लांब जातो!' म्हणून कौतुक आहे. मालवणच्या पाण्यात कितीदा चार मीटरपलीकडचं दिसत नाही, लांब जाऊन करायचंय काय?

डिसेंबरात अंगठ्याएवढा, नारिंगी, काळ्या काठाचा एक सपाट जीव भेटला. आयनॅचरलिस्टवर (जीवांचे फोटो टाकून ओळख पटवायचं ॲप) 'न्यूडिब्रँक', म्हणजे बिनकवचाची समुद्री गोगलगाय, म्हणून टाकला, ॲपनेही तेच सुचवलं होतं. दोन दिवसांनी एकाने विचारलं, पाठीवर कल्ले दिसतायत का? डोरिड गटातल्या न्यूडिब्रँकच्या पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा तुरा असतो, डोक्यावर दोन शिंगं. माझ्या फोटोत नेमका तिथेच पांढरा गोळा.

आणि जानेवारीत टॉर्च बुडाला. सर्व्हिसवाला म्हणाला, "तुम्ही नीट बंद केला नसेल." मी तावातावाने घरी आणून उघडला. ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, एक केस. पांढरा, म्हणजे आमच्या मांजरीचा. इथपर्यंत मी एक स्टार देणार होतो, आता अर्धा दोष स्वतःकडे घेतो. गोड्या पाण्याने धुऊन चार दिवस वाळवला, पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानातून १५ रुपयांची ओ-रिंग आणली, नवा सेल घातला. चालू! सर्व्हिस सेंटरने दुरुस्तीचे ९०० सांगितले होते.

बीमचा इलाज पाडव्याला सापडला. श्रीखंडाच्या डब्याचं दुधी झाकण गोल कापून काचेवर बसवलं. उजेड निम्मा झाला, पण सगळीकडे सारखा पसरला. टॉर्च कॅमेऱ्याच्या लेन्सशेजारी न धरता हात लांब करून बाजूने धरायचा, नाहीतर पाण्यातला गाळच चमकतो.

एप्रिलमध्ये तोच जीव पुन्हा दिसला. या वेळी वरून, बाजूने, समोरून फोटो घेतले, एकात मापासाठी टॉर्चचं तोंडही ठेवलं. कागदासारखा पातळ, काठ झालरीसारखा लहरत पुढे सरकतोय. तुरा नाहीच. पुढची 'शिंगं' म्हणजे काठाचीच घडी. न्यूडिब्रँक नव्हेच, फ्लॅटवर्म, म्हणजे चपटा कृमी! चार महिने मी चुकीचं नाव मिरवत होतो. प्रजाती अजून ठरलेली नाही. फोटोवरून ठरेलच असं नसतं, आणि ॲपने पहिलं सुचवलं म्हणून तेच नाव ठोकून द्यायची सवय मी सोडलीय.

तीन स्टार. घ्यायचा असेल तर रुंद बीमवाला बघा. हाच घेतलात तर झाकणाला भोक पाडून दोरा बांधा. माझी पहिली चकती कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ निसटली, धरायला गेलो तोवर प्रवाहाने नेली. समुद्रात प्लास्टिक टाकणाऱ्यांना शिव्या घालणारा मी, त्या दिवशी बोटीवर गप्प बसून होतो.