१४ महिन्यांची जखम आणि नौपाड्यातलं ड्रेसिंग क्लिनिक

कळव्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. २२ वर्षं ओट्यापाशी उभी आहे. डाव्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला रुपयाएवढी जखम झाली, ती १४ महिने भरलीच नाही. भोवतीची कातडी तपकिरी पडली, रात्री चादरीला लस लागायची. एका डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स दिले, मलमं बदलली. पायाच्या शिरा काही तपासल्या नाहीत. त्याचा राग अजून गेलेला नाही.

भाचीने ठाण्यातल्या गोखले रोडजवळचं हे छोटं क्लिनिक सांगितलं. सिस्टरने पट्टी बांधायच्या आधी मला आडवं करून दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब डॉपलरने, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने, मोजला. घोट्याचा दाब दंडाच्या मानाने फार कमी निघाला, तर पायाला रक्तच कमी पोचतंय असं समजतात. तिथे घट्ट पट्टी धोक्याची. माझं ठीक निघालं. डॉक्टरांनी समजावलं, शिरांतल्या झडपा निकामी झाल्या की रक्त वर चढायच्या ऐवजी खाली साचतं, दाब वाढतो आणि कातडी तग धरत नाही. अँटिबायोटिक लागतं ते खरंच जंतुसंसर्ग असेल तरच.

खरा गुण आला तो पट्टीने. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, आधी कापसाचा थर, वर ताणाच्या पट्ट्या. घोट्याशी घट्ट, वर जाताना दाब कमी. सिस्टरचा हात असा बसलेला की एक सुरकुती राहत नाही. पहिले ३ दिवस जीव नकोसा झाला, चप्पल जाईना म्हणून मुलाची सँडल घातली. बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर पट्टी कापा आणि फोन करा, हे त्यांनी दोनदा बजावलं. तिसऱ्या आठवड्यात लस आणि वास दोन्ही कमी झाले. १७ आठवड्यांत जखम भरली.

आठवड्याला एक ड्रेसिंग, ९०० रुपये. आमच्यासारख्यांना जड जातं. लिफ्ट आहे, पण बाहेर बसल्यावर सुजलेला पाय वर ठेवायला एक स्टूल नाही, ते ठेवायलाच हवं.

नंतर दुसरीकडे शिरेवर लेझर करून घेतलं. आता दाबाचे मोजे सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच चढवते, आणि पोळ्या लाटता लाटता टाचा वर-खाली करते. पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींच्या घोट्याशी तशीच तपकिरी कातडी दिसली. सोमवारी त्यांना घेऊन जातेय.