शेरीफपदाचा हिशेब : नाशिकमधील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

कॉलेज रोडवरील एका छोट्या अभ्यासिकेने स्थानिक सत्तेच्या इतिहासावर सशुल्क वर्ग सुरू केले असून, त्यांतील अमेरिकेच्या दक्षिणेकडील एका ग्रामीण काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, शेरीफपदावरचा चार सत्रांचा वर्ग नुकताच पूर्ण झाला. शुल्क ८०० रुपये आहे. गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला ऐकत वाढलेल्या नाशिककराला व्याख्यानासाठी खिशात हात घालणे जिवावर येते, हे मान्य करूनही सांगतो की मधल्या दोन सत्रांनी ही रक्कम पुरेपूर वसूल करून दिली. पहिले सत्र मात्र निम्म्या वेळात उरकता आले असते.

वक्त्यांनी विषयासाठी अलाबामा राज्यातील लाउंड्स काउंटीची निवड केली होती आणि ती नेमकी होती. १८३० मध्ये स्थापन झालेली, कापसाच्या मळ्यांवर उभी राहिलेली ही काउंटी सेल्मा आणि मोंटगोमेरी या दोन शहरांच्या मध्ये आहे. तिचे न्यायालय आणि कचेरी हेनव्हिल या खेडेवजा गावात आहे. एवढी नेटकी चौकट हाती असताना पहिल्या सत्राचा बराच भाग मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आणि उरलेला घोडेस्वार शेरीफांच्या चित्रपटांत का खर्ची पडला, ते कळले नाही. आपल्याकडे शेरीफ म्हटले की मुंबईचा नगरपाल आठवतो, म्हणजे एका वर्षापुरता मान मिळालेला, कोणतेही अधिकार नसलेला प्रतिष्ठित नागरिक. या समजुतीला धक्का देण्यासाठी एवढेच सांगणे पुरेसे होते की अलाबामातील शेरीफ लोकांच्या मतांनी चार वर्षांसाठी निवडून येतो, आपले डेप्युटी, म्हणजे हाताखालचे अधिकारी, स्वतः नेमतो, काउंटीचा तुरुंग चालवतो, न्यायालयाचे समन्स बजावतो आणि अटकही करतो. हे वाक्य पहिल्या सत्राच्या अगदी शेवटी आले.

दुसऱ्या सत्रापासून वर्गाला सूर सापडला, कारण वक्त्यांनी पिस्तूल बाजूला ठेवून हिशेबाची वही उघडली. दक्षिणेतील अनेक राज्यांत शेरीफाची कमाई दीर्घकाळ पगारावर नव्हे, तर फीवर अवलंबून होती. अटक केली, समन्स बजावले, कैदी सांभाळला की त्याचे ठरावीक पैसे मिळत. जितक्या अटका तितकी मिळकत, अशी सोय एकदा झाली की गुन्हा शोधण्यापेक्षा गुन्हेगार तयार करणे सोपे जाते. दंड आणि खर्च भरू न शकणारे, बहुतांश कृष्णवर्णीय कैदी खाणींना आणि गिरण्यांना भाड्याने दिले जात आणि ही पद्धत सर्वांत शेवटी, म्हणजे १९२८ मध्ये, बंद करणारे राज्य अलाबामाच होते. वक्त्यांनी येथे १९०१ च्या राज्यघटनेतील एक कलम वाचून दाखवले. शेरीफाच्या हलगर्जीमुळे, संगनमतामुळे किंवा भित्रेपणामुळे कैद्याला तुरुंगातून ओढून नेऊन ठार मारण्यात आले, तर त्या शेरीफावर महाभियोग चालवता येईल, अशी त्यात तरतूद होती. ज्या घटनेने साक्षरतेच्या अटी आणि मतदान-कर लादून कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, त्याच घटनेत हे कलम असावे, याकडे लक्ष वेधून वक्ते क्षणभर थांबले आणि कोणतेही भाष्य न करता पुढे गेले. त्यांचा हा संयम मला फार आवडला.

कैद्यांच्या जेवणाचा विषय तर श्रोत्यांनी सत्र संपल्यावर जिन्यातही सोडला नाही. १९३९ च्या एका कायद्याचा आधार घेऊन अलाबामातील अनेक शेरीफ कैद्यांच्या जेवणासाठी मिळालेल्या रकमेतून उरलेले पैसे स्वतःकडे ठेवत असत. राज्याकडून प्रत्येक कैद्यामागे दिवसाला १.७५ डॉलर मिळत आणि त्यात जेवढी काटकसर होईल तेवढा शेरीफाचा फायदा. मॉर्गन काउंटीच्या शेरीफाने तीन वर्षांत सुमारे २ लाख १२ हजार डॉलर असे बाजूला काढल्याचे उघड झाले, तेव्हा २००९ मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशांनी त्यालाच एक रात्र कोठडीत पाठवले. ही वाट बंद करणारा कायदा झाला तो २०१९ मध्ये. शालेय पोषण आहाराची बिले तपासण्यात उमेदवारीची वर्षे घालवलेले एक निवृत्त लेखाधिकारी माझ्या शेजारी बसले होते आणि हे ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेशही नव्हता.

तिसरे सत्र १९६५ ते १९७० या पाच वर्षांचे होते आणि संपूर्ण वर्गाचा कळस तेच होते. १९६५ च्या आरंभी या काउंटीत सुमारे ८० टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय असूनही मतदारयादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकाराचा संघराज्यीय कायदा झाला आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, २० ऑगस्टला, धर्मशिक्षण घेणारा जोनाथन डॅनियल्स हा गोरा तरुण कार्यकर्ता हेनव्हिलच्या तुरुंगातून सुटताच जवळच्या दुकानाच्या दारात गोळी लागून मरण पावला. त्याने रूबी सेल्स या कृष्णवर्णीय मुलीला बाजूला ढकलून तिचा जीव वाचवला होता. गोळी झाडणारा टॉम कोलमन शेरीफाचा विशेष डेप्युटी होता आणि सर्व सदस्य गोरे असलेल्या ज्यूरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या पंचमंडळाने, त्याला निर्दोष सोडले. शेरीफपद कोणाच्या हाती आहे, या प्रश्नाला तेथे जीवनमरणाचे महत्त्व का होते, हे समजण्यासाठी दुसरे उदाहरण लागत नाही.

पुढचा भाग मराठी श्रोत्यांना विशेष जवळचा वाटला, कारण तो निवडणूक चिन्हांचा होता. निरक्षर मतदारांसाठी अलाबामातही मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह छापले जाई. तेथील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते आणि १९६६ पर्यंत त्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणाही झळकत असे. काउंटीतील कृष्णवर्णीय नेते जॉन ह्यूलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या नव्या स्थानिक पक्षाने काळा बिबट्या हे चिन्ह घेतले, मे १९६६ मध्ये हेनव्हिलजवळच्या एका चर्चमध्ये आपले उमेदवार निवडले आणि शेरीफाचे काम नेमके काय असते, हे समजावणाऱ्या चित्रमय पुस्तिका वाटल्या. वक्त्यांनी या पुस्तिकांवर पुरेसा वेळ दिला, ते योग्यच झाले. मतदाराला उमेदवाराचा चेहरा दाखवण्याआधी पदाची कर्तव्ये सांगणारा प्रचार आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मी तरी पाहिलेला नाही. त्या नोव्हेंबरात शेरीफपदाचे उमेदवार सिडनी लोगन हरले, त्यांच्या सोबतचे सारे उमेदवारही हरले. १९७० मध्ये स्वतः ह्यूलेट उभे राहिले आणि काउंटीचे शेरीफ झाले.

श्रोत्यांत पोलीस अकादमीत शिकवून निवृत्त झालेले एक अधिकारी होते. त्यांनी विचारले, “साहेब, आमच्या अधीक्षकाला गैरसोयीचा ठरला तर बदली करून हलवता येते. निवडून आलेल्या शेरीफाला हलवणार कोण?” वक्त्यांनी न्यायालय, महाभियोग आणि पुढची निवडणूक असे तीन मार्ग सांगितले, त्यांतला कोणता प्रत्यक्षात चालला, हे मागील सत्रांवरून ज्याचे त्याने ठरवायचे होते. पोलीस पाटलाशी केलेली तुलना मात्र फसली. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमला जाणारा, मानधनावर काम करणारा गावचा पोलीस पाटील आणि तुरुंगाच्या किल्ल्या हाती असलेला काउंटीचा शेरीफ यांच्यात खेडे सोडले तर फारसे साम्य नाही.

चौथ्या सत्राकडून मोठी अपेक्षा होती आणि तेथेच निराशा झाली. ह्यूलेट १९९३ पर्यंत, म्हणजे २२ वर्षे शेरीफ होते. तुरुंग तोच, कायदे तेच, काउंटी तशीच गरीब, अशा स्थितीत पद हाती आल्यावर माणसाने काय केले, हाच खरा प्रश्न होता. तो सोडून वक्ते अमेरिकेतील पोलीस सुधारणांच्या सर्वसाधारण चर्चेकडे वळले आणि तेवढी चर्चा कोणत्याही वर्तमानपत्रात मिळाली असती. सोबत दिलेल्या टिपणात काउंटीचा नकाशा नाही, सनावळी अर्धवट आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या आणि खोलीतील उकाडा यांबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण शुल्कच माफक आहे.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार असून आयोजक एकेका सत्राचीही नोंदणी घेतात. वकिलीचे विद्यार्थी, पत्रकार आणि पंचायत राज्याशी संबंध असलेले कार्यकर्ते यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्राची जागा आधीच राखून ठेवावी. पूर्ण वर्ग घ्यायचा असेल, तर चौथे सत्र ह्यूलेट यांच्या कारकिर्दीवर घ्या, असा आग्रह नोंदणीच्या वेळीच धरावा. मी अभिप्रायाच्या कागदावर तसे लिहून दिले आहे.