‘ताई, खोली दुप्पट दिसेल’ : लाइटिंगच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

पुण्यात बिबवेवाडीत आमचा जुना वन बीएचके आहे. हॉल १० बाय ११, छत ८ फूट १० इंचांवर. एकाच भिंतीवर ट्यूब, त्यामुळे समोरचा कोपरा कायम अंधारात. सासूबाईंची खुर्ची नेमकी तिथेच. संध्याकाळी त्यांना पेपर वाचता येत नाही आणि चार पाहुणे आले की सगळ्यांनाच कोंडल्यासारखं होतं. दिवाळीआधी हॉल जरा मोकळा दिसावा म्हणून ओळखीतून एका लाइटिंग कॉन्ट्रॅक्टरचा नंबर मिळवला. पुढे जे झालं ते सविस्तर लिहितेय, कारण आमच्याच सोसायटीत आणखी दोन घरांनी त्याला बोलावलं होतं.

तो आला, पण टेप बाहेर काढलीच नाही. आधी मोबाईल काढला. एकाच खोलीचे दोन फोटो, ‘आधी’ आणि ‘नंतर’. पहिल्यात अंधारी कोंदट खोली, दुसऱ्यात प्रशस्त हॉल, छताच्या कडेने मऊ पिवळा उजेड. “ताई, भिंत न पाडता खोली दुप्पट दिसेल. सगळा लाइटचा खेळ आहे.” त्याचं सगळंच खोटं होतं असं नाही, म्हणून तर मी फसले. उजेड भिंतींवर आणि छतावर पडला, कोपरे उजळले, की खोली खरोखर मोठी वाटते. अंधारा कोपरा खोली खातो, हे मी रोज बघतच होते.

मग त्याने पेटीतून एलईडी स्ट्रिपचा, म्हणजे बारीक दिव्यांच्या पट्टीचा, तुकडा काढून लावून दाखवला. सुंदर उजेड, एकही ठिपका दिसत नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीचं कोटेशन आलं : ‘कम्प्लीट लाइटिंग पॅकेज, पीओपीसह, ६८,०००’. कंपनी, वॅट, किती फूट, काहीच नाही. मी विचारलंही नाही. ४५,००० ॲडव्हान्स यूपीआयने दिले.

पीओपीचं खोटं छत झालं आणि छत ७ इंच खाली आलं. मुळात बुटक्या खोलीत छत आणखी खाली आणल्यावर ती मोठी कशी दिसणार, हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही. पंखाही त्याबरोबर खाली आला. मुलगा शर्ट घालताना हात वर करतो तेव्हा आजही काळजात धस्स होतं. लाइट लागले तेव्हा टीव्हीच्या काळ्या काचेत ठिपक्यांची माळ दिसू लागली. दाखवलेली स्ट्रिप ही नव्हतीच. शिवाय एका टोकाला उजेड भरपूर आणि दुसऱ्या टोकाला मिणमिणता. विचारलं तर म्हणाला, “सेट व्हायला वेळ लागतो ताई.” स्ट्रिप कधी सेट होत नसते. १२ व्होल्टची स्ट्रिप एकाच टोकाने वीज देऊन लांबच लांब जोडत नेली की पुढे व्होल्टेज पडतं आणि उजेड मंदावतो. हे मला नंतर कळलं. तोवर त्याने उरलेले पैसेही घेतले होते.

तिसऱ्या महिन्यात एक बाजू बंद पडली, छतातून गुणगुण ऐकू येऊ लागली आणि एका रात्री जळका वास आला. मेन स्विच बंद करून सकाळी गल्लीतल्या वायरमनदादांना बोलावलं. ड्रायव्हर, म्हणजे स्ट्रिपला वीज पुरवणारा डबा, काढायला झाकणच ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे पीओपी कापावं लागलं. आत पीओपी तपकिरी पडलेलं. दोन ड्रायव्हर, प्रत्येकी ३६ वॅटचे. स्ट्रिप होती साधारण १२ मीटर, मीटरला १० वॅटची. म्हणजे १२० वॅटचा भार ७२ वॅटवर. दादा म्हणाले, ड्रायव्हरवर कधी पूर्ण क्षमतेएवढाही भार टाकायचा नसतो, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवायचा. ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का नव्हता, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही नव्हता. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून आपणच तपासू शकतो. मी बसवण्याआधी तेवढं करायला हवं होतं.

त्यानंतर मी भांडून हिशेब मागितला. त्यात कोव्ह लाइट, म्हणजे छताच्या कडेने लपवलेली ती स्ट्रिप, ६० रनिंग फूट लावलेले. आमच्या हॉलच्या चारही भिंतींची बेरीज ४२ फूट होते. माझ्या सासूबाईंनी ती बोटांवर करून दाखवली.

फोटोंचं कोडं लेकीने सोडवलं. तिने दोन्ही फोटोंतल्या फरश्या मोजल्या. समोरच्या भिंतीलगत ‘आधी’मध्ये साडेतीन फरश्या दिसत होत्या, ‘नंतर’मध्ये सहा. खोली तीच, फरशी तीच, फक्त दुसरा फोटो मोबाईलच्या ०.५ म्हणजे वाइड लेन्सने काढलेला. त्या लेन्सने समोरची भिंत लांब जाते, कडेचं कपाट तिरकं होतं आणि कडेला असलेली कुंडी ताणल्यासारखी दिसते. पहिला फोटो पडदे ओढून, रात्री, एका दिव्यावर काढलेला. कुणी असे फोटो दाखवले तर आधी फरश्या मोजा आणि दाराची चौकट सरळ आहे का ते बघा.

खोली सुधारली ती दादांनीच. तापकीर गल्लीतून सामान आणण्याआधी त्यांनी होल्डरला लांब वायर जोडली, ९ वॅटचा बल्ब लावला आणि संध्याकाळी तो एकेका भिंतीजवळ धरून आम्हाला सोफ्यावर बसून बघायला लावलं. खिडकीसमोरच्या भिंतीवर उजेड टाकला तर ती मागे सरकल्यासारखी वाटली. छताच्या मधोमध टाकला तर काहीच फरक नाही. तासाभरात ठरलं : दोन भिंतींवर वर-खाली उजेड टाकणारे दिवे, पडद्याच्या पेल्मेटमागे ॲल्युमिनियम चॅनेलमध्ये एक स्ट्रिप, आणि सासूबाईंच्या कोपऱ्यात उभा दिवा. खर्च ७,४०० रुपये. छत मात्र खालीच राहिलंय.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. पक्कं बिल नव्हतं ही माझी मोठी चूक, पण यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि काढलेले ड्रायव्हर जपून ठेवलेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तो अर्ज आता भरतेय.

परवा शेजारच्या काकूंनी त्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस दाखवलं. ‘नंतर’ म्हणून त्यात आमचा हॉल आहे, पहिल्याच दिवशी काढलेला. डाव्या भिंतीवर टोल देणारं जुनं घड्याळ आणि खिडकीची हिरवी जाळी दिसली तर ते आमचंच घर आहे. त्यातली ती स्ट्रिप कधीच जळून गेलीय. फोटो काढून टाक म्हणून दोनदा सांगितलं, अजून काढलेला नाही.