डीएचआयएस २: आकडे येतात, पण तपासणार कोण?

आरोग्य कार्यक्रमांच्या देखरेखीसाठी सॉफ्टवेअर निवडायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं ते डीएचआयएस २ चं, म्हणजे आरोग्य केंद्रांचे आकडे गोळा करून दाखवणाऱ्या प्रणालीचं. ऑस्लो विद्यापीठातला गट ते विकसित करतो, कोड खुला आहे, परवान्याला पैसे पडत नाहीत. सर्व्हर, बॅकअप आणि ते सांभाळणारा माणूस मात्र आपला. बजेटमध्ये हा माणूस धरलाच नसेल, तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

मासिक एकत्रित आकड्यांसाठी हे उत्तमच. केंद्रांची उतरंड (केंद्र, तालुका, जिल्हा) एकदा नीट लावली की वरच्या पातळीची बेरीज आपोआप होते. निर्देशकाचा, म्हणजे टक्केवारीसारख्या काढलेल्या आकड्याचा, अंश, छेद आणि गुणक एकदाच लिहायचा. नेटवर्क नसताना अँड्रॉइड ॲपवर नोंद करून नंतर सिंक करता येते.

आमची तक्रार रिपोर्टिंग रेटबद्दल, म्हणजे अपेक्षित अहवालांपैकी किती आले या दराबद्दल आहे. हा दर फॉर्ममध्ये काय भरलं यावर निघत नाही, 'कंप्लीट' बटण दाबलं का यावर निघतो. रिकामा फॉर्म कंप्लीट केला तरी केंद्राची हजेरी लागते. सगळं भरून बटण विसरलं तर गैरहजर! वैधता नियम (आकडे एकमेकांशी जुळतात का हे तपासणाऱ्या अटी) पाळल्याशिवाय कंप्लीट होऊ न देण्याची सोय डेटा सेटच्या, म्हणजे त्या फॉर्मच्या, सेटिंगमध्ये आहे, ती चालू करावी. बंद पडलेल्या केंद्राला बंद झाल्याची तारीखही टाकावी, नाहीतर अपेक्षित अहवालांच्या छेदात ते बसून राहतं.

शून्याचं प्रकरण याहून वाईट. डेटा एलिमेंटला, म्हणजे फॉर्ममधल्या प्रत्येक बाबीला, शून्य साठवण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती दिली नाही तर 'गोवराचा एकही रुग्ण नाही' आणि 'कुणी कळवलंच नाही' यांत फरक उरत नाही. रोगसर्वेक्षणात हा फरकच महत्त्वाचा.

वैधता नियम लिहिताना घाई नको. 'पेंटाचा (बाळांच्या पेंटाव्हॅलंट लसीचा) तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त नसावा' हा नियम महिन्याला लावला की छोट्या केंद्रांवर खोट्या सूचनांचा पाऊस पडतो, कारण या महिन्यात तिसरा डोस घेणाऱ्या बाळांचा पहिला डोस दोन महिन्यांपूर्वीच होऊन गेलेला असतो. मग कर्मचारी सगळ्याच सूचनांकडे दुर्लक्ष करतात. तोच हिशेब वर्षाचा लावा: पहिला ४६०, तिसरा ४१४, गळती (पहिला घेऊन तिसरा न घेतलेली बाळं) १० टक्के. वर्षभराची गळती उणे आली तर मात्र नोंदवही उघडायलाच हवी.

आउटलायर, म्हणजे इतरांपेक्षा फारच वेगळा आकडा, शोधताना झेड-स्कोअरची (आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे याची) मर्यादा ३ ठेवून ८ महिन्यांचेच आकडे दिले, तर एक चूक कितीही मोठी असली तरी ती सापडत नाही. चुकीचा आकडा स्वतःच सरासरी आणि प्रमाण विचलन फुगवतो, आणि ८ आकड्यांत स्कोअर गणितानेच ३ पर्यंत पोचत नाही. मध्यकावर चालणारा मॉडिफाइड झेड-स्कोअर निवडावा.

आणखी एक, बैठकीच्या सकाळी केलेली दुरुस्ती डॅशबोर्डवर लगेच दिसेल असं समजू नका. डॅशबोर्ड ज्यांतून आकडे घेतो ती ॲनालिटिक्स टेबल पुन्हा चालवावी लागतात, आणि ती बहुधा रात्री चालवली जातात.

ट्रॅकर, म्हणजे रुग्णनिहाय नोंद, कागदी नोंदवही बंद होणार नसेल तर सुरू करू नये. एकच बाळ दोनदा लिहावं लागलं की दोन्हीकडे अर्धवट नोंदी राहतात.

सगळे नियम लावले तरी सॉफ्टवेअर आकडा आकड्याशीच ताडून बघतं. नोंदवहीत ८० बाळं आणि अहवालात १००, हे त्याला कळणार नाही. त्यासाठी दर तिमाहीला काही केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडावीत, तीन निर्देशकांची तीन महिन्यांची फेरमोजणी करावी आणि मोजलेल्याला कळवलेल्याने भागावं. वरच्या उदाहरणात ०.८० येतं, म्हणजे अहवाल फुगलेला. हे फेरमोजणीचे आकडे एक्सेलमध्ये वेगळे ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी असते. त्यापेक्षा त्यांचा स्वतंत्र डेटा सेट करून भागाकाराचा निर्देशक बनवावा. मग रिपोर्टिंग रेटच्या शेजारीच, त्याच डॅशबोर्डवर तो दिसत राहतो.