समकालीन कवितेचे एक सत्र आणि अप्पा बळवंत चौकातील दुकान

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला समकालीन मराठी कविता शिकवायची असल्यामुळे मे महिन्यात मी १४ कवींची यादी घेऊन पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील या पुस्तकांच्या दुकानात गेलो होतो. सत्र १५ आठवड्यांचे, म्हणून दर आठवड्याला एक कवी आणि शेवटचा आठवडा उजळणीला, असा माझा सरळ हिशेब होता. मालकांनी यादी दोनदा वाचली, पेन्सिलीने सहा नावांवर खुणा केल्या आणि म्हणाले, "सर, या सहांच्या वीस-वीस प्रती मिळायच्या नाहीत. मुलांना झेरॉक्सच द्यायच्या असतील, तर गोष्ट वेगळी." मिळतील तेवढी पुस्तके गळ्यात मारण्याऐवजी त्यांनी हे आधीच सांगितले, याचे मोल मला मोठे वाटते.

त्यानंतर तासभर जे बोलणे झाले, त्यातून माझे नियोजनच बदलले. त्यांनी अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' (२००३) काढून अनुक्रमणिका समोर धरली आणि अपाला, हिपेशिया, कॅसँड्रा, राबिया, नादेझ्दा या स्त्रियांच्या नावांवरून बोट फिरवत विचारले, की यातली एकच कविता तुम्ही कशी शिकवणार? प्रश्न रास्त होता. हिपेशियावरची कविता सुटी काढली, तर ती इतिहासातल्या एका बाईची कविता होते. अपाला आणि राबियाच्या सोबतीने वाचली, की एकीचे रडे दुसरीच्या रड्यात मिसळत जाते आणि वहीला 'भिजकी' का म्हटले ते उमगते. झेरॉक्सच्या दोन पानांवर हे कधीच दिसत नाही. म्हणून कवींची संख्या कमी करून मी पूर्ण संग्रह निवडले आणि या एका संग्रहाला चार आठवडे दिले. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह तीन आठवडे वाचायचे ठरले, कारण तिथली बोली अनोळखी वाटणाऱ्या विद्यार्थ्याला तेंडुलकरही त्याच अडचणीत सापडलेले दिसणे फार उपयोगाचे ठरते. पुढे मलिका अमर शेख, भुजंग मेश्राम, अरुण काळे आणि वर्जेश सोलंकी यांच्यासाठी प्रत्येकी दोन आठवडे उरले.

पुरवठ्याबाबत मात्र तक्रार आहे. जूनअखेर कबूल केलेले गठ्ठे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोहोचले, तोवर वर्गात तीन-तीन मुले एका प्रतीवर वाकून वाचत होती. एका संग्रहाच्या दोन प्रतींत एक फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) दोनदा शिवलेला आणि पुढचा गायब होता. त्या प्रती विनातक्रार बदलून मिळाल्या, पण त्यासाठी तीन फोन करावे लागले. बिल महाविद्यालयाच्या नावाने व्यवस्थित मिळते आणि सवलतीसाठी घासाघीस करावी लागत नाही.

कवितेचे कपाट पोटमाळ्यावर आहे आणि तिथे उजेड अपुरा आहे; पाठीवरची नावे वाचण्यासाठी पुस्तक खिडकीपाशी न्यावे लागते. तरीही वर चढावेच, कारण खालच्या टेबलावर नसलेले छोट्या प्रकाशकांचे पातळ संग्रह तिथेच सापडतात. पुढच्या सत्राची यादी मी मार्चमध्येच देणार आहे, आणि जुलैला वर्ग सुरू होणाऱ्या प्राध्यापकांनीही त्याहून उशीर करू नये.